दहाव्या दिवसापासून उलटे मोजायचे नऊ दिवस

२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. त्याच पंधरवड्यात कॅथलिक पंचांगातलेही नऊ दिवस आले होते, २५ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण असतो आणि त्याआधीचे हे नऊ दिवस म्हणजे त्यांची नोव्हेना. इंदूरच्या कॅथलिक धर्मप्रांताचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल, याच संतांच्या नावाचे आहे. त्यामुळे इंदूरकराला काही वर्षी हे दोन्ही नऊ दिवस एकाच शहरात शेजारी शेजारी दिसतात. एका रस्त्यावर गरब्याचा मंडप, दुसऱ्या रस्त्यावर संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघालेली कुटुंबे.

मग मराठी माणसाच्या मनात प्रश्न येतो तो असा: यांचेही नऊच दिवस कसे? नवरात्राचे पाहून घेतले की काय? आणि नऊ दिवसांची प्रार्थना म्हणतात, तर खरी गर्दी दहाव्या दिवशी का लोटते?

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. ही प्रथा भूमध्य समुद्राच्या काठावर वाढली आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला आली तेव्हा तिचे वय कित्येक शतकांचे होते. तरीही नवरात्राशी तुलना मला उपयोगाची वाटते, कारण दोहोंतला फरक कळला की नोव्हेनाची रचनाच उलगडते. नवरात्र पहिल्या दिवसापासून पुढे मोजतात. प्रतिपदेला घट बसले की माळा चढत जातात, तिथीची वृद्धी झाली तर एखादा दिवस वाढतो, क्षय झाला तर घटतो. नोव्हेना मागे मोजतात. आधी दहावा दिवस पक्का असतो, तो म्हणजे सण. तिथून नऊ दिवस मागे आले की पहिला दिवस सापडतो. त्यात दिवस वाढत नाही, घटतही नाही.

दहावा दिवस कुठून येतो?

संताचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तारखेला असतो. जन्मतारखेला नव्हे. ख्रिस्ती परंपरेत संताचा मृत्यू हा त्याचा स्वर्गातला जन्म मानला जातो, म्हणून साजरा करायचा दिवस तोच. गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले. त्यांचा सण ३ डिसेंबरला, आणि म्हणून जुन्या गोव्यातली नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होऊन २ डिसेंबरला संपते. पादुआचे संत अँथनी १३ जून १२३१ रोजी गेले. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये नोव्हेना ४ जूनला बसते, म्हणजे मुंबई-कोकणात ऐन पावसाच्या तोंडावर.

असिसीच्या फ्रान्सिस यांच्या बाबतीत एक गंमतीची गाठ आहे. ते वारले ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी. मग सण ४ तारखेला कसा? जुन्या ख्रिस्ती रीतीत, ज्यूंच्या रीतीप्रमाणेच, सूर्य मावळला की पुढचा दिवस लागतो. सूर्यास्तानंतरचा मृत्यू चार तारखेत जमा झाला. आजही फ्रान्सिसकन मठांत ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्या देहत्यागाचे स्मरण करतात. ती नोव्हेनाची शेवटची संध्याकाळ असते आणि जुन्या हिशोबाने सणाची पहिलीही. २०२६ मध्ये या घटनेला आठशे वर्षे होतात.

कधी कधी मृत्यूची तारीख आधीच दुसऱ्या संताला दिलेली असते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे त्याचे उदाहरण. सोळाव्या शतकाच्या मध्यात वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, पुढे फ्रान्सिसकन संघात ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर चढवले गेले. १८६२ साली रोमने या सव्वीसही जणांना संत जाहीर केले. पण ५ फेब्रुवारी संत अगाथा यांच्याकडे पूर्वापार होती. म्हणून जागतिक पंचांगात या हुतात्म्यांचे स्मरण ६ तारखेला होते. स्थानिक चर्चला आपल्या पालक संताचा सण लोकांच्या सोयीने जवळच्या रविवारीही नेता येतो, आणि सण हलला की त्याच्या पाठीमागे नोव्हेनाचे नऊही दिवस हलतात. वांद्र्याच्या माउंट मेरीचा सण असाच ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतरच्या पहिल्या रविवारी येतो. तिथली जत्रा मात्र सणानंतरचा आठवडाभर चालते. जत्रेला जाणाऱ्या पुष्कळांना तिच्या आधी नऊ दिवसांची प्रार्थना होऊन गेलेली असते, हे ठाऊकही नसते.

नऊच का?

कॅथलिक धर्मगुरूला विचारले तर तो बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवील. येशूचे पुनरुत्थान झाल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांचे स्वर्गारोहण झाले. शिष्य यरुशलेमला परतले, माडीवरच्या एका खोलीत येशूची आई मारिया आणि इतर स्त्रियांसह जमले आणि प्रार्थनेत राहिले. पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला, त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला. स्वर्गारोहणाचा दिवस गुरुवार, पेंटेकॉस्टचा रविवार. मधले दिवस शुक्रवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत मोजले तर भरतात नऊ, आणि जे घडायचे ते दहाव्या दिवशी घडते. नोव्हेनाचा साचा इथे पूर्ण सापडतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ मध्ये पेंटेकॉस्टच्या आधी सर्व चर्चमध्ये नोव्हेना करावी असा आदेश काढला, तो याच आधारावर.

परंतु इतिहास एवढा नेटका नाही. नऊ दिवसांचा विधी रोमन लोकांत ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून होता. घरात मृत्यू झाला की नऊ दिवस सुतक आणि नवव्या दिवशी विधी. आकाशातून दगड पडण्यासारखे काही अशुभ घडले तरी राज्याकडून नऊ दिवसांची शांत होई. ख्रिस्ती झालेले रोमन लोक आपल्या मृतांसाठी तेच नऊ दिवस पाळू लागले तेव्हा संत ऑगस्टीन यांना ते रुचले नाही. बायबलमध्ये शोकासाठी नऊचा आकडा नाही, ही मूर्तिपूजकांची चाल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी ते ऐकले नाही आणि पुढे चर्चनेही ती रीत सामावून घेतली. पोप वारले की आजही नऊ दिवस त्यांच्यासाठी मिस्सा होतात. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले, तेव्हा २६ एप्रिल ते ४ मे असे नऊ दिवस जगाने पाहिले.

आनंदाच्या सणाआधीचे नऊ दिवस हा पुढचा टप्पा. मध्ययुगात स्पेन आणि फ्रान्समध्ये नाताळच्या आधी नऊ दिवस प्रार्थना करण्याची प्रथा पडली. मारियेच्या पोटात येशू नऊ महिने होते, त्या प्रत्येक महिन्याचा एक दिवस. गरोदरपणाचे महिने दिवसांत मोजण्याची ही कल्पना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते, कारण इथे शोकाचा आकडा वाट पाहण्याचा आकडा झाला. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर पहाटेच्या मिस्सांना जी गर्दी होते ती याच प्रथेची.

संतांच्या नावाने नोव्हेना यानंतर रुळल्या, आणि त्यांच्या प्रसारात गोव्याचा मोठा वाटा आहे. डिसेंबर १६३३ मध्ये नेपल्समध्ये मार्चेल्लो मास्त्रिल्ली या जेझुइट धर्मगुरूच्या डोक्यावर उंचावरून हातोडा पडला. तो मरणाच्या दारात होता. झेवियर यांनी दर्शन देऊन आपल्याला बरे केले, असे त्याने सांगितले आणि बोललेल्या नवसाप्रमाणे तो जपानच्या वाटेने गोव्याला आला. झेवियर यांचे शव आज बॉम जेझू बॅसिलिकात ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती पेटी त्याच्या पुढाकाराने १६३६-३७ मध्ये गोव्याच्या चांदीकारांनी घडवली. मास्त्रिल्ली पुढे नागासाकीत ऑक्टोबर १६३७ मध्ये मारला गेला. त्याच्या बरे होण्यातून एक वेगळी नोव्हेना निघाली, ४ ते १२ मार्चची. १२ मार्च १६२२ हा झेवियर यांना संतपद मिळाल्याचा दिवस. ही नोव्हेना दहाव्या दिवसासाठी थांबत नाही, नवव्यालाच पुरी होते. नियम सांगितला की अपवादही सांगावा, म्हणून ही नोंद. सतराव्या शतकाच्या मध्यावर पोप अलेक्झांडर सातवे यांनी लिस्बनमधल्या झेवियर नोव्हेनाला अधिकृत आध्यात्मिक लाभ जोडून दिले आणि लोकांच्या या प्रथेवर रोमची मोहोर उठली.

एका संध्याकाळी काय काय होते?

आता प्रत्यक्ष चर्चमध्ये येऊ. नोव्हेनाची संध्याकाळ दोन थरांची असते आणि ते थर वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला थर मिस्सेचा. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. बायबलमधली वाचने, प्रवचन, भाकर आणि द्राक्षरसाचे अर्पण, ख्रिस्तप्रसाद. ती वर्षभर जवळपास रोज होते आणि तिचा क्रम रोमने ठरवलेला असतो. नोव्हेना आहे म्हणून धर्मगुरूला तो मोडता येत नाही. नऊ दिवसांत एक रविवार हमखास येतो, कधी दोनही. त्या दिवशी वाचने रविवारचीच होतात, संत कितीही लाडके असोत.

दुसरा थर नोव्हेनाचा. मिस्सेच्या आधी लोक जपमाळ म्हणतात. मिस्सेनंतर किंवा प्रवचनानंतर संतांची ठरलेली प्रार्थना होते. मग लितानी, म्हणजे संतांची एकेक ओळख पुढाऱ्याने उच्चारायची आणि सगळ्यांनी एकाच छोट्या विनवणीने उत्तर द्यायचे. ही विनवणी आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका, एवढीच असते. कॅथलिक श्रद्धेत आराधना फक्त देवाची. संतांना मान द्यायचा आणि त्यांची मध्यस्थी मागायची. दोहोंतली ही रेघ इ.स. ७८७ च्या निकिया धर्मसभेने आखून दिली. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारी आजीही ती जाणते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती चटकन दिसत नाही.

या दुसऱ्या थरात स्थानिक समाजाचा हात फिरतो. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली कुटुंबे. त्यांचे वाडीनिहाय किंवा कॉलनीनिहाय गट असतात. एक संध्याकाळ एका गटाची, गायन त्यांचे, वाचने त्यांची, फुले त्यांची. रोज एक विषय आणि बहुतेक वेळा रोज वेगळा प्रवचनकार. एक दिवस आजाऱ्यांचा ठेवला तर त्यांना पवित्र तेल लावून प्रार्थना होते, एक दिवस तरुणांचा, एक जोडप्यांचा. गोव्यात सणाचा भार उचलणाऱ्याला प्रेजेंत म्हणतात आणि तो मान घराण्यांतून फिरतो. तमिळ आणि मल्याळी वळणाच्या चर्चमध्ये सुरुवात ध्वज चढवून होते. वेलंकनीला २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला सण होतो.

इंदूरसारख्या शहरात या सगळ्या चाली एकत्र येतात. इंदूरचा धर्मप्रांत १९५२ मध्ये स्थापन झाला. शहरातल्या कॅथलिकांत केरळी आहेत, गोव्या-मुंबईकडून नोकरीनिमित्त आलेले आहेत, माळव्यातले आणि आदिवासी भागातून आलेलेही आहेत. ज्या घरात मल्याळम बोलतात त्या घरातली मुले हिंदीत लितानी म्हणतात. आपल्या मराठी घरांनीही या शहरात आपली भाषा आणि माळव्याची भाषा अशीच एकत्र नांदवली आहे, म्हणून हे चित्र आपल्याला परके वाटू नये.

भाषेचा हा मुद्दा नोव्हेनाच्या लोकप्रियतेच्या मुळाशी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना वाट करून देईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई. वेदीवर काय बोलले जाते, हे वसईच्या शेतकऱ्याला शब्दाशब्दाने कळत नसे. नोव्हेनाच्या प्रार्थना मात्र त्याच्या भाषेत करता येत. देवापुढे स्वतःचे गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याची जागा त्याला तिथे मिळाली. आज मिस्साही मराठीत, कोंकणीत, हिंदीत आहे, पण ती सवय आणि ती जवळीक टिकून आहे.

नोव्हेना कोणाच्या नावाने होऊ शकते?

इथे इंदूरची स्वतःची कथा सुरू होते.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळी गावचा. त्या फ्रान्सिसकन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. संघाच्या नावातच असिसीचे फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकारी संत क्लारा हे दोघेही आहेत. १९९२ पासून त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला होत्या. भूमिहीन मजुरांना आणि आदिवासींना त्यांनी हक्कांची जाणीव दिली, बचतीची सवय लावली, सावकाराच्या कर्जातून बाहेर पडण्याची वाट दाखवली. ज्यांच्या पोटावर हे येत होते त्यांनी सुपारी दिली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, त्यांना भोसकून मारण्यात आले. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो सुटल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्याला घरात घेतले. या घटनेबद्दल लिहिताना माझा हात अजून थबकतो.

आता नियम पाहा. कॅथलिक धर्मनियमांच्या १९८३ च्या संहितेत कलम ११८७ आहे. चर्चने संत किंवा धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलेल्यांचाच जाहीर उपासनेत मान करता येतो. त्याआधी माणूस कितीही मोठा असला तरी त्याच्या नावाची नोव्हेना वेदीसमोर लावता येत नाही. घरी बसून एकट्याने मध्यस्थी मागायला मात्र मनाई नाही. पोप अर्बन आठवे यांनी सतराव्या शतकातच हा बांध घातला. गावोगाव लोक आपापले संत उभे करू लागले तर खरे-खोटे कोण निवडणार, ही त्यामागची चिंता. म्हणून एखाद्याच्या प्रकरणाची चौकशी सुरू झाली की त्याची आधीच जाहीर पूजा झालेली नाही ना, हेसुद्धा तपासतात.

याचा अर्थ असा की १९९५ पासून तब्बल बावीस वर्षे उदयनगरच्या आणि इंदूरच्या वेदीवर राणी मारिया यांच्यासाठी प्रार्थना होऊ शकत होती, त्यांच्याकडे नव्हे. इतर कोणत्याही मृतासाठी करतात तशी, आत्म्याला शांती मिळावी म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये हजारोंच्या समोर त्यांना धन्य घोषित केले गेले आणि त्या दिवशी प्रार्थनेची दिशा फिरली. कालपर्यंत लोक देवाला म्हणत होते, हिला आपल्याजवळ घे. आता ते तिला म्हणू लागले, आमच्यासाठी देवाशी बोल. त्याच बाई, उदयनगरच्या चर्चमधली तीच समाधी, तेच लोक. माझ्या मते संतपदाची सारी किचकट यंत्रणा समजायला एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे.

धन्य आणि संत यांच्यात फरक कक्षेचा आहे. धन्यांचा मान ठरावीक धर्मप्रांतात आणि त्यांच्या संघात होतो, संतांचा जगभर. राणी मारिया यांचा स्मरणदिन २५ फेब्रुवारी. मागे मोजले तर नोव्हेना पडते १६ ते २४ फेब्रुवारीला, आणि इथे पंचांग एक पेच घालते. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ती तारीख चंद्राच्या हिशोबाने ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांमध्ये फिरते. २०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला होता, म्हणजे नऊही दिवस उपवासकाळात. २०२५ मध्ये तो ५ मार्चला, म्हणजे नऊही दिवस बाहेर. २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला, बरोबर तिसऱ्या दिवशी. उपवासकाळात वेदीवर फुलांची आरास नसते, आनंदाची काही गीते गात नाहीत, वस्त्रांचा रंग जांभळा असतो. हुतात्म्याचा रंग लाल. एकाच नोव्हेनाचा सूर वर्षागणिक असा बदलतो आणि धर्मगुरूला दर वर्षी नव्याने बेत आखावा लागतो.

चौकट : तारीख काढायची तर

आधी सणाची तारीख घ्या. ती नोव्हेनात धरू नका. तिच्या आदल्या दिवसापासून मागे नऊ दिवस मोजा, म्हणजेच सणाच्या तारखेतून ९ वजा करा. ४ ऑक्टोबरसाठी २५ सप्टेंबर, ३ डिसेंबरसाठी २४ नोव्हेंबर, १३ जूनसाठी ४ जून. सण स्थानिक सोयीने रविवारी साजरा होत असेल तर त्या रविवारपासून मोजा. मार्चमधली झेवियर नोव्हेना ४ ते १२ अशी ठरलेली आहे, तिला हा हिशोब लागू नाही.

नोव्हेना आणि चमत्काराची तपासणी

राणी मारिया हुतात्मा मानल्या गेल्या, म्हणून धन्य होण्यासाठी त्यांच्या नावावर चमत्काराची गरज पडली नाही. संत होण्यासाठी मात्र एक चमत्कार लागतो, आणि इथे नोव्हेनाला एक व्यावहारिक काम येऊन पडते.

समजा एखादा रोगी डॉक्टरांना उलगडा न होता अचानक बरा झाला. चर्चच्या चौकशीत दोन वेगळे प्रश्न असतात. बरे होणे वैद्यकशास्त्राने समजावता येते का? आणि मध्यस्थी कोणाकडे मागितली होती? पहिला प्रश्न रोममधल्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जातो. २०१६ च्या नियमांनुसार सातांपैकी किमान पाच किंवा सहांपैकी किमान चार डॉक्टरांनी उलगडा होत नाही असे म्हटले तरच प्रकरण पुढे सरकते. दुसऱ्या प्रश्नाला साक्षीदार लागतात. घरच्यांनी दहा संतांची नावे घेतली असतील तर श्रेय कोणाला द्यायचे? नऊ दिवस, एकाच नावाने, ठरलेल्या तारखांना, अनेकांच्या उपस्थितीत झालेली प्रार्थना असेल तर उत्तर स्पष्ट मिळते. आजारपण कधी होते, प्रार्थना कधी सुरू झाली, सुधारणा कधी दिसली, हे सारे कागदावर जुळवता येते.

राणी मारिया यांच्याच संघातल्या संत अल्फोन्सा या वाटेने संतपदापर्यंत पोचल्या. त्या २८ जुलै १९४६ रोजी वारल्या आणि जन्मापासून पाय वाकडे असलेल्या एका मुलाच्या बरे होण्याचे प्रकरण ग्राह्य धरून १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना संत जाहीर केले गेले. भारतातली पहिली स्त्री संत. केरळात भरणंगानमला दर वर्षी जुलैच्या १९ तारखेपासून त्यांच्या सणाची गर्दी सुरू होते.

यावरून कोणी असे समजू नये की नऊ दिवस भरले की मागणे मिळालेच पाहिजे. अशा समजुतीची पत्रके फिरतात. इतक्या वेळा म्हणा, इतक्या प्रती वाटा, वर्तमानपत्रात आभार छापा. मुंबई आणि गोव्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत संत ज्यूड यांचे आभार मानणाऱ्या छोट्या जाहिराती कित्येक वर्षे येत आल्या आहेत. त्यामागची कृतज्ञता खरी असते, पण साखळीपत्राच्या धमकीला चर्चचा पाठिंबा नाही. आकड्याला शक्ती देणे म्हणजे अंधश्रद्धा, असे चर्चच शिकवते. आजारी माणसाने औषध सोडून नोव्हेना धरावी असेही कोणता शहाणा धर्मगुरू सांगत नाही. नोव्हेना माणसाला वाट पाहायला शिकवते, तीही एकट्याने नव्हे, चारचौघांत. ज्याचे मागणे पुरे झाले तो आणि ज्याचे झाले नाही तो, दोघेही दहाव्या दिवशी एकाच बाकावर असतात. मला या प्रथेचे मोल तिथे वाटते.

कधीच न संपणारी नोव्हेना

मुंबईकराला नोव्हेना म्हटले की माहीमचा बुधवार आठवतो. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ रोजी, बुधवारीच, निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे मारियेची, नोव्हेना सुरू झाली. तिला अखंड नोव्हेना म्हणतात, कारण चर्चमध्ये ती दर बुधवारी दिवसभर अनेक वेळा होते आणि वर्षानुवर्षे चालूच असते. भक्त स्वतःपुरते सलग नऊ बुधवार धरतो. इथे दिवसांची जागा आठवड्यांनी घेतली. नोकरदार माणसाला रोज चर्चला जाणे जमत नाही, आठवड्यातून एकदा जमते, आणि कोणत्याही बुधवारी सुरुवात करता येते. गिरणगावाच्या काळातल्या मुंबईला ही सोय मानवली नसती तरच नवल.

माहीमला येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी मोठ्या संख्येने असतात. बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ, घर हवे असेल तर मेणाचे घर. आत लोकांनी लिहून दिलेली मागणीची आणि आभाराची पत्रे वाचून दाखवतात. संत अँथनी यांच्या भक्तीतही वाराचेच महत्त्व आहे, पण तिथे मंगळवार, कारण त्यांचा दफनविधी मंगळवारी झाला होता.

तुम्हाला जायचे असेल तर

नोव्हेनाला यायला बाप्तिस्म्याची अट नाही. इंदूरात असो, वसईत असो की जुन्या गोव्यात, मागच्या बाकावर बसून संपूर्ण संध्याकाळ पाहता येते. लोक उभे राहिले की उभे राहावे, गुडघे टेकले की बसून राहिले तरी चालते. ख्रिस्तप्रसाद घेण्याची रांग लागते तेव्हा मात्र जागेवर थांबावे. तो फक्त कॅथलिकांसाठी असतो आणि त्यांच्या श्रद्धेत तो प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आहे. देवळातल्या प्रसादासारखा तो घरी नेता येत नाही. हा एक नियम पाळला तर बाकी कशाचाच संकोच नको. मागणीची चिठ्ठी कोणीही टाकू शकतो, मेणबत्ती कोणीही लावू शकतो. झेवियर यांच्या सणाला बेळगाव आणि सावंतवाडीकडून लोक पायी चालत जुन्या गोव्याला जातात, तेव्हा वाटेत त्यांना पाणी देणाऱ्यांना कोणी धर्म विचारत नाही.

गर्दी टाळून नीट समजून घ्यायचे असेल तर सणाच्या दिवशी जाऊ नका, चौथ्या-पाचव्या संध्याकाळी जा. तेव्हा सुरुवातीचा उत्साह निवळलेला असतो, शेवटची लगबग अजून लागलेली नसते, आणि मिस्सा झाल्यावर धर्मगुरूंना तुमच्या प्रश्नांसाठी वेळ असतो.